साहेबांच्या सहीविना: ऑफिसात मनाचा प्रोजेक्ट कसा करावा आणि निभावून न्यावा

१९९३ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅपल कंपनीने एक गुप्त प्रोजेक्ट गुंडाळला. त्यावर कंत्राटाने काम करणारा रॉन अविट्झर हा प्रोग्रामर बेकार झाला. पगार थांबला, पण त्याचं ओळखपत्र कोणी बंद केलं नव्हतं. दारं उघडत होती, म्हणून तो येतच राहिला. ग्रेग रॉबिन्स नावाचा त्याचा मित्रही स्वतःचं कंत्राट संपल्यावर त्याला येऊन मिळाला. कोणी विचारलं तर ग्रेग सांगायचा, मी रॉनच्या हाताखाली आहे. रॉन सांगायचा, मी ग्रेगच्या. दोघांनी मिळून गणिती आलेख काढणारा ‘ग्राफिंग कॅल्क्युलेटर’ पुरा केला आणि १९९४ मध्ये तो पहिल्या पॉवर मॅकिंटॉशबरोबर लोकांच्या घरी पोचला. मधे त्यांची ओळखपत्रं बंदही झाली. तेव्हा ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठोपाठ आत शिरायचे.

ही गोष्ट सांगणारे लोक सहसा या दार चुकवण्यावरच रमतात. मला मात्र त्या इमारतीतल्या बाकीच्या माणसांचं जास्त कौतुक वाटतं. बाजारात न आलेली यंत्रं या दोघांना आतल्याच इंजिनिअरांनी मिळवून दिली. टेस्टिंगवाल्यांनी आपल्या वेळात चाचण्या करून दिल्या. वरून मंजुरी नव्हती, पण आजूबाजूच्या बऱ्याच जणांना सगळं ठाऊक होतं. कोणालाही कळू न देता केलेला आणि तरीही तडीस गेलेला ऑफिसातला प्रोजेक्ट मला तरी माहीत नाही. सहीविना काम करता येतं, साक्षीदाराविना नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

आणखी एक. अशा गोष्टी आपल्यापर्यंत येतात कारण त्या जमून गेल्या. ज्यांचं जमलं नाही त्यांनी एचआरच्या खोलीतून बाहेर पडल्यावर लेख लिहिले नाहीत.

सोयीसाठी लेखभर एकच उदाहरण धरू. समजा, तुम्ही हिंजवडीत किंवा ऐरोलीत एका आयटी सर्व्हिस कंपनीत आहात आणि एका विमा कंपनीच्या बॅच जॉबना, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना, सपोर्ट देता. जॉब पडला (मधेच बंद झाला) की ऑन-कॉलवरचा, म्हणजे त्या रात्री फोन घ्यायची पाळी असलेला, माणूस रात्री तीनला उठतो, लॉग (प्रोग्रामने ठेवलेली नोंद) उघडतो, एरर शोधतो, जुन्या तिकिटांमध्ये, म्हणजे आधीच्या तक्रारींच्या नोंदींमध्ये, तसाच एरर आधी आला होता का ते हुडकतो. बहुतेक वेळा आलेला असतो. तुमच्या डोक्यात एक छोटं टूल आहे: लॉग वाचायचे, सारखे एरर एकत्र करायचे आणि प्रत्येकासमोर जुन्या तिकिटाचा नंबर दाखवायचा. कोणी सांगितलेलं नाही, प्लॅनमध्ये नाही, पण करावंसं वाटतंय.

पहिली पायरी: कागद वाचा

कंटाळवाणं आहे, पण एका संध्याकाळीत होतं. तीन कागद काढा: अपॉइंटमेंट लेटर किंवा त्याबरोबर सही केलेला बौद्धिक संपदेचा करार, कंपनीची संगणक वापराची पॉलिसी, आणि तुमच्या क्लायंटचे वेगळे नियम. हे शेवटचे बहुधा जॉइन होताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पार केलेल्या ट्रेनिंगमध्ये असतात.

भारतात कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो आणि कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे ते लॉगचं टूल तुम्ही शनिवारी रात्री जागून लिहिलंत तरी ते ऑफिसच्या कामासाठी, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेलं आहे. त्यावर हक्क सांगायला जाऊ नका. सर्व्हिस कंपनीत तर करारानुसार तो हक्क बऱ्याचदा पुढे क्लायंटकडे जातो.

म्हणून सुरुवातीलाच स्वतःला विचारा: हे मला टीमसाठी करायचंय की पुढेमागे विकायचंय? विकायचं असेल तर हा लेख इथेच मिटवा. त्याचा रस्ता निराळा: स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा वेळ, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेला विषय आणि लेखी परवानगी. विप्रोने प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने पूर्वपरवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करायला वाट मोकळी केली. त्या गोंधळात दोन वेगळ्या गोष्टी एक होऊन गेल्या. आपण इथे बोलतोय ते ऑफिसच्याच भल्याचं, पण ऑफिसने न सांगितलेलं काम. लष्कराच्या भाकऱ्या, थोडक्यात.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी: कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडचं कलम २८७० बरंच उदार आहे. स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं वा गुपितं न वापरता केलेलं काम कंपनीला करारातून हिसकावता येत नाही. मात्र ते कंपनीच्या धंद्याशी किंवा चालू संशोधनाशी निगडित असेल तर हे संरक्षण गळून पडतं. एच-१बी व्हिसावर असाल तर कमाईचा प्रश्न वेगळाच; त्यासाठी वकील गाठा, मित्र नव्हे.

दुसरी पायरी: कंटाळवाणा उपयोग शोधा

इथे घाई करू नका. निवड चुकली तर पुढचं सगळं शहाणपण वाया जातं.

१९६९ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेने मल्टिक्स या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना नवी सिस्टिम लिहायची होती, त्यासाठी यंत्र मागितलं, नकार आला. ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव काढलं की व्यवस्थापनाच्या अंगावर काटा यायचा. थॉम्प्सनने कोपऱ्यात पडून असलेलं, फारसं कोणी न वापरणारं पीडीपी-७ हे यंत्र धरलं आणि त्यावर युनिक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पहिला सांगाडा उभा केला. १९७० मध्ये नवं पीडीपी-११ मागताना त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमचा उच्चार पुढे केला नाही. मागणी होती दस्तऐवज तयार करणाऱ्या यंत्रणेची. किंमत सुमारे ६५,००० डॉलर, आणि ती मंजूर झाली. पुढे पेटंट विभागाच्या टायपिस्ट त्या यंत्रावर अर्ज टाइप करू लागल्या आणि युनिक्सला हक्काचे वापरणारे मिळाले.

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वेबचंही असंच झालं. टिम बर्नर्स-ली याने मार्च १९८९ मध्ये प्रस्ताव दिला. त्याचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला की धूसर आहे, पण उत्साह वाटावा असं आहे. ना होकार, ना नकार. सर्नमधल्या लोकांना वेब जवळची वाटली ती मात्र जगातलं ज्ञान जोडण्याच्या स्वप्नामुळे नाही. संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी त्यावर टाकली गेली आणि सहकाऱ्याचा नंबर शोधायला लोक ती उघडू लागले.

तेव्हा तुमच्या कल्पनेची टेलिफोन डिरेक्टरी शोधा. ‘एआयवर आधारित ऑब्झर्व्हेबिलिटी प्लॅटफॉर्म’ म्हणालात की दहा माणसं सावध होतात. ‘रात्री उठलेल्याला जुनं तिकीट लगेच सापडतं’ म्हणालात तर ज्याची ऑन-कॉलची पाळी आहे तो म्हणेल, मला दे.

निवड करताना मी पुढच्या गोष्टी पाहतो. त्रास होणाऱ्या एका तरी माणसाचं नाव सांगता यावं; ‘युजर्सना’ हे उत्तर चालत नाही. टूल उद्या उडवलं तर कोणाचं काम अडता कामा नये, निदान सुरुवातीला. काहीतरी वापरण्यासारखं दोन आठवड्यांत हातात यावं. आणि तुम्हाला आत्ता, या क्षणी, जो डेटा पाहायची मुभा आहे त्यापलीकडचा डेटा लागू नये.

एक राजकीय चाळणीही आहे, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी एखाद्या बड्या माणसाने आग्रहाने विकत आणलेल्या टूलला तुमचं टूल पर्याय ठरत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. तुमचं चांगलं निघालं तर ते जास्तच वाईट.

नवी भाषा शिकायची म्हणून चालू सर्व्हिस रस्ट या भाषेत पुन्हा लिहिण्याची हौस असेल तर ती घरी भागवा. त्यातून टीमला काही मिळत नाही, फक्त तुमच्यानंतर येणाऱ्याच्या डोक्याला ताप.

तिसरी पायरी: एकाच्या तरी कानावर घाला

सेंडॉलने पुढे काय केलं ते पाहा. त्याने प्रस्ताव मंजूर केला नाही. १९९० मध्ये त्याने बर्नर्स-लीला नेक्स्ट कंपनीचा एक महागडा संगणक घेऊ दिला, आणि त्यावर हे करून बघायला हरकत घेतली नाही. बेल लॅब्जमध्ये थॉम्प्सन-रिचींच्या विभागाचा प्रमुख डग मॅकिलरॉय होता; त्याला चालू कामात रस होता आणि तो ते होऊ देत होता. तुम्हाला असा माणूस हवा: एक पायरी वर, तांत्रिक बाजू समजणारा आणि सगळ्या गोष्टींचा मेल न मागणारा. बहुधा तो तुमचा लीड (टीमचा तांत्रिक प्रमुख) असतो, डिलिव्हरी मॅनेजर नव्हे.

त्याला परवानगी मागू नका. परवानगी मागितली की त्याला ती देण्याचा अधिकार आहे का याचा विचार करावा लागतो, आणि तो वर विचारायला जातो. वर गेलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असंच खाली येतं, कारण नको म्हणायला कोणाला काही पडत नाही. नुसतं सांगून ठेवा. साधारण असं:

‘रात्रीचे जॉब पडतात ना, त्यातले तेच तेच एरर एकत्र करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून बघतोय. माझ्या मशीनवरच आहे, फक्त लॉग वाचते, कशाला हात लावत नाही. स्प्रिंटच्या कामाला धक्का लागणार नाही. दोन आठवड्यांनी दाखवतो. तुम्हाला नको वाटत असेल तर आत्ताच सांगा, थांबतो.’

(स्प्रिंट म्हणजे टीमने ठरवलेला कामाचा छोटा टप्पा.) यात चार गोष्टी आहेत: काय, कुठे, काय करणार नाही, आणि कधी दाखवणार. शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यामुळे लीड गप्प राहिला तरी त्याला अर्थ येतो. त्याच दिवशी चॅटवर दोन ओळी टाकून ठेवा: ‘मघाशी बोललो त्याप्रमाणे लॉगच्या स्क्रिप्टवर फावल्या वेळात काम करतोय.’ वर्षभराने लीड बदलेल, नवा माणूस विचारेल हे काय आहे, तेव्हा त्या दोन ओळी कामाला येतात.

उत्तर ऐकायलाही शिका. ‘बघ, पण रिलीज सांभाळ’ म्हणजे हो. ‘आत्ता नको, महिनाअखेर होऊ दे’ म्हणजे महिनाअखेर. ‘असलं काही डोक्यात घेऊ नकोस’ म्हणजे मनाई, आणि मनाईनंतर केलेलं काम हे वेगळ्याच जातीचं. न विचारलेलं करणं आणि नको सांगितलेलं करणं, यांत शिस्तभंगाच्या कारवाईचं अंतर आहे. अविट्झरने दोन्ही केलं हे खरं, पण त्याला गमवायला नोकरीच उरली नव्हती. तुमच्यामागे फ्लॅटचा हप्ता आहे.

चौथी पायरी: वेळ आणि टाइमशीट

टाइमशीटमध्ये खोटं लिहायचं नाही, यावर चर्चाच नको. क्लायंटला तासाप्रमाणे बिल जात असेल आणि तुम्ही त्याच्या टास्कवर आठ तास टाकून तीन तास आपली हौस केली असेल, तर ती फसवणूक आहे. टूल कितीही देखणं असलं तरी ऑडिटमध्ये तेच पहिलं निघतं.

मग वेळ कुठून? बेंचवर असाल, म्हणजे सध्या कुठल्याच प्रोजेक्टवर नसाल, तर सोन्याहून पिवळं. ते तास कोणाच्या बिलात नसतात आणि बेंचवरच्या माणसाने काहीतरी केलं याचा सगळ्यांना आनंदच होतो. प्रोजेक्टवर असाल तर क्लायंटचं एन्व्हायर्नमेंट दुपारभर बंद असतं, ऑनसाइटकडून (क्लायंटकडे बसलेल्या सहकाऱ्यांकडून) उत्तर यायचं असतं, अशा वेळी तुम्ही तसेही बसून असता. कंपनीत अंतर्गत सुधारणा किंवा शिक्षण यासाठी टाइमशीटमध्ये वेगळा कोड असेल तर लीडला विचारून तो वापरा. बाकी वेळ घरचा. गूगलच्या प्रसिद्ध २० टक्के वेळेबद्दल तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या मारिसा मेयर यांनीच नंतर सांगितलं होतं की तो खरं तर १२० टक्के असतो.

पाचवी पायरी: कुठे आणि कसं चालवायचं

बहुतेक लोक इथे अडकतात, आणि गंमत म्हणजे वाईट हेतूने नाही, सोयीपोटी.

वाचा, लिहू नका. तुमचं टूल प्रॉडक्शनमधलं, म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टिममधलं, काहीही बदलणारं नसावं. लॉग वाचा, डेटाबेस वाचायचाच असेल तर वाचण्यापुरता अ‍ॅक्सेस असलेल्या कॉपीवरून वाचा. पडलेला जॉब ‘आपोआप पुन्हा चालू करायचं’ बटण घालण्याचा मोह तिसऱ्या दिवशी होणारच. घालू नका. तो जॉब हप्ते कापणारा असेल आणि दोनदा चालला तर हजारो लोकांच्या खात्यातून दोनदा पैसे जातील, आणि त्या रात्री तुमच्या टूलला कोणाची मंजुरी होती हा प्रश्न फार मोठ्याने विचारला जाईल.

जो अ‍ॅक्सेस आहे तोच वापरा. शेजारच्या टीमच्या सर्व्हरचा पासवर्ड जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये दिसला म्हणून वापरणं, मित्राच्या आयडीने लॉगिन करणं, हे ऑफिसचा नियम मोडण्यापलीकडचं आहे. २००० च्या आयटी कायद्यात मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणं किंवा डेटा काढणं कलम ४३ मध्ये येतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू चांगला होता हे सिद्ध करायची वेळच का आणायची?

कोड कंपनीच्याच रेपोमध्ये (कोड साठवायच्या जागेत) ठेवा. कंपनीच्या गिटलॅबवर तुमच्या नावाखालची जागा असते, ती याचसाठी. स्वतःच्या गिटहब खात्यावर, अगदी प्रायव्हेट रेपोमध्येही नको. ‘घरून काम करायला सोपं पडतं’ म्हणून तिथे कोड चढवण्याचा हा एक पुश म्हणजे क्लायंटचे सर्व्हरचे पत्ते आणि बहुतेक वेळा एखादा पासवर्ड बाहेर नेणं. स्वतःला मेल करणंही त्यातच आलं.

एआयच्या साधनांचं तेच. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही इंजिनिअरांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर बंदीच घातली. त्या लोकांना चोरी करायची नव्हती, त्यांना एरर सोडवायचा होता. कंपनीने दिलेलं साधन असेल तर ते वापरा, खासगी खात्यात लॉग चिकटवू नका. विमा कंपनीच्या लॉगमध्ये पॉलिसी नंबर असतो, मोबाइल नंबर असतो, कधी पूर्ण नावही. त्यामुळे टूल लॉग वाचतानाच हे आकडे झाकून टाकेल असं पहिल्या दिवसापासून लिहा. ‘डेमोनंतर करू’ असं ठेवलंत तर डेमोच्या स्क्रीनवरच कोणाचा तरी नंबर झळकेल.

लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) घेताना लायसन्स पाहा. एमआयटी, अपाचे, बीएसडी असेल तर सहसा कोणी हरकत घेत नाही. एजीपीएल असेल तर थांबा. अनेक कंपन्या ते सरसकट नाकारतात, आणि नकार शेवटी आला तर निम्मा कोड फेकावा लागतो.

एक बारीक गोष्ट, जी सगळ्यांना कधी ना कधी चावते. टूल तुमच्या स्वतःच्या आयडीखाली क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) लावलंत की ते तुमच्या पासवर्डवर जगतं. पासवर्डची मुदत संपली, तुम्ही नवा टाकलात, टूल जुन्याने प्रयत्न करत राहिलं आणि तुमचंच खातं लॉक झालं. तेही रात्री, तुमच्या ऑन-कॉलच्या पाळीत. सुरुवातीला क्रॉन लावूच नका, हाताने चालवा. तेवढ्यावर लोक वापरत असतील तर पुढचं पुढे.

आणि पहिल्याच दिवशी रीडमी लिहा: हे काय करतं, काय करत नाही, कुठून वाचतं, बंद कसं करायचं. पाच ओळी पुरतात. चोरून केलेल्या कामाला रीडमी नसतो, हाच इन्फोसेकवाल्यांच्या, म्हणजे माहितीची सुरक्षा बघणाऱ्यांच्या, डोळ्यांतला फरक आहे.

सहावी पायरी: वापरणारे, आणि कुंपण

पहिला वापरणारा तोच, ज्याचं नाव तुम्ही दुसऱ्या पायरीत घेतलं होतं. त्याच्या ऑन-कॉलच्या आठवड्यात त्याला टूल द्या आणि गप्प बसा. तो न सांगता दुसऱ्यांदा उघडतोय का, एवढंच पाहायचं. उघडत नसेल तर कारण विचारा, पण टूलची वकिली करू नका. उघडत असेल तर एक साधी नोंद ठेवा: कोणत्या तारखेला, कोणता जॉब, जुनं तिकीट सापडलं की नाही. अंदाजे टक्केवारी डेमोत कोणालाच पटत नाही. वीस ओळींची खरी यादी पटते.

कुंपण एवढंच: टूल टीमबाहेर जाऊ द्यायचं नाही, क्लायंटच्या चॅनेलवर तर मुळीच नाही. ऑनसाइटच्या मित्राने ‘क्लायंटला दाखवू का?’ म्हटलं तरी नाही म्हणा.

इथे यूट्यूबमधला एक किस्सा लोक हमखास पुढे करतात. २००९ मध्ये तिथल्या वेब डेव्हलपरांची छोटी टीम इंटरनेट एक्स्प्लोरर ६ या जुनाट ब्राउझरला वैतागली होती. त्यांनी त्या ब्राउझरने येणाऱ्यांना व्हिडिओच्या वर एक पट्टी दाखवायला सुरुवात केली: आम्ही लवकरच हा ब्राउझर सांभाळणं बंद करतोय, यांपैकी नवा घ्या. त्यांचा स्वतःचा बॉस कटात सामील होता, पण त्याच्या वरच्या कोणालाही विचारलं नव्हतं. यूट्यूब गूगलने विकत घेण्याआधीपासून असलेल्या जुन्या इंजिनिअरांना नेहमीची तपासणी टाळून कोड चढवायची एक खास मुभा उरली होती, ती त्यांनी वापरली. बाकीच्यांना हे कळलं ते पत्रकारांचे मेल यायला लागल्यावर. मग वकील आले. त्यांना धास्ती होती की गूगल स्वतःचा क्रोम पुढे रेटतंय असं नियामकांना वाटेल. पण टीमने ब्राउझरांची क्रमवारी प्रत्येक पाहणाऱ्यासाठी वेगळी, यादृच्छिक ठेवली होती. वकील निमूट परत गेले. गूगल डॉक्सच्या टीमला वाटलं यूट्यूबला परवानगी मिळालेली दिसते, म्हणून त्यांनीही तशीच पट्टी लावली. महिनाभरात यूट्यूबवरचे त्या ब्राउझरचे वापरकर्ते निम्म्यावर आले.

मलाही हा किस्सा आवडतो. पण त्यातून घ्यायचं ते क्रमवारीचं: पकडले गेल्यावर विचारला जाईल तो सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी आधीच सोडवून ठेवला होता. पट्टी लावण्याचं धाडस मात्र तुमच्या क्लायंटच्या साइटवर करू नका. ती साइट यूट्यूबवाल्यांची स्वतःची होती. तुम्ही दुसऱ्याच्या घरात पाहुणे आहात.

सातवी पायरी: उघड करायची वेळ

अविट्झरच्या मदतनीस इंजिनिअरांनी ऑक्टोबरमध्ये त्याला आपल्या मॅनेजरांसमोर डेमो द्यायला लावला. त्याच्या खोलीत डझनभर माणसं दाटीवाटीने बसली. वीस मिनिटं वाहवा झाली. मग प्रश्न आले: तू कोणाला रिपोर्ट करतोस? कोणत्या ग्रुपमध्ये आहेस? त्याने खरं ते सांगितलं. लोक आधी हसले, नंतर गंभीर झाले.

तुम्हालाही हेच प्रश्न येणार, तेव्हा उत्तरं आधी तयार ठेवा. किती वेळ घातलास? टाइमशीटच्या कोणत्या कोडवर टाकलास? कोणता डेटा वाचतं? इन्फोसेकला दाखवलंस का? तू सुट्टीवर असलास तर? या पाचांची सरळ उत्तरं जवळ नसतील तर डेमो पुढे ढकला.

डेमोत स्लाइड नकोत. गेल्या आठवड्यात खरोखर पडलेला जॉब घ्या, तो लॉग उघडा, टूल चालवा, जुनं तिकीट दाखवा. दहा मिनिटं खूप झाली. पहिला वापरणारा खोलीत असू द्या आणि बोलणं शक्यतो त्याचं असू द्या. लीडला दोन दिवस आधी सगळं दाखवलेलं असावं. डेमोत त्यालाच आश्चर्याचा धक्का बसला तर तुमचा एकुलता साक्षीदार गेला. मॅनेजरने पुढच्या मीटिंगमध्ये ‘आमच्या टीमने एक टूल बनवलंय’ म्हटलं तर चेहरा पाडू नका. त्याने ते आपलं म्हटलं, म्हणजे आता ते टिकण्याची जबाबदारी थोडी त्याच्याही डोक्यावर आली. तुमचं नाव रेपोच्या हिस्टरीत आहे, आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तुम्ही ते लिहालच.

वेळही पाहून निवडा. महिनाअखेर, रिलीजचा आठवडा, क्लायंटच्या एस्कलेशनचा (तक्रार वरपर्यंत गेल्याचा) दिवस नको. पण एखाद्या रात्री तीन जॉब एकदम पडून सगळ्यांची झोप उडाली असेल, तर दोन दिवसांनी मात्र जरूर.

नाही म्हणाले तर

थांबा, त्याच दिवशी. टूल बंद करा, रीडमीत तारीख आणि ‘बंद केलं’ अशी ओळ लिहा, रेपो आर्काइव्ह करा. ‘आम्ही दोघं-तिघं वापरतो गुपचूप’ हे चालू ठेवू नका. आता ती मनाई झाली. नकाराचं कारण मात्र नीट विचारून घ्या. ‘सिक्युरिटी’ असं मोघम उत्तर आलं तर कोणता अ‍ॅक्सेस खटकला हे विचारा. कधी कधी अडचण एका लायब्ररीची असते.

कोड घरी नेऊ नका, नोकरी सोडतानाही नाही. डोक्यात जे शिकलात ते तुमचं, फाइल तुमची नाही.

हो म्हणाले तर

याची तयारी कोणी करत नाही, आणि इथेच माणसं जन्माची अडकतात. कौतुक होतं, दोन टीम टूल मागतात आणि मग दर बिघाडाला तुम्हाला फोन. ज्या ऑन-कॉलचा त्रास कमी करायला निघालात, त्याच्याच जोडीला दुसरा ऑन-कॉल गळ्यात पडतो, टाइमशीटमध्ये नसलेला.

म्हणून होकार मिळेल त्याच बैठकीत, सगळे खुशीत असताना, मागून घ्या. टीमच्या नावाचा रेपो. तुमच्या आयडीऐवजी सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, टूलचं खातं), तेही वाचण्यापुरत्या अधिकाराचं. कोड वाचू शकणारा दुसरा माणूस, नावानिशी. दर स्प्रिंटमध्ये ठरलेले तास आणि ते टाकायला टाइमशीटचा कोड. इन्फोसेकचा आढावा, लेखी. यांतलं काहीच मिळत नसेल तर तो होकार नाही, तुमची हौस फुकटात वापरायची सोय आहे, आणि अशा वेळी टूल टीमपुरतंच ठेवतो असं नम्रपणे सांगितलेलं बरं.

राजीनाम्याचा विचार मनात घोळत असेल तर हे हस्तांतर नोटीस देण्याआधी उरका. नोटीस दिल्यावर तुमचे अ‍ॅक्सेस एकेक करून जातात, आणि क्रॉनमध्ये तुमचा आयडी राहिला असेल तर शेवटच्या दिवसानंतर पहिल्याच रात्री टूल बंद पडतं. तेव्हा जाण्यापूर्वी त्या दुसऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि टूल त्याच्या हाताने एकदा बंद करून पुन्हा चालू करायला लावा.